मधली भिंत

नाट्याहून फिरदोस सोलकर आली स्कूटरवर,
पायांशी वायरचं भेंडोळं, पाठीवर ड्रिल.
अंगणात उभी राहून आधी छपराकडे बघितलं,
मग रस्त्यावरच्या खांबाकडे,
मग म्हणाली, काका, कॉम्प्युटर किती?
मी म्हटलं, दोन.
एक इकडे. एक तिकडे.

तिकडे म्हणजे मधल्या भिंतीपलीकडे.
घर एकच, घरपट्टीच्या पावत्या दोन.
गोपीनाथशी माझं बोलणं नाही, अकरा वर्षं झाली.
कारण विचारलंत तर माडांची मोजणी,
त्यातलंही आता नीट आठवत नाही
बारा माड होते की तेरा.
त्याच्या प्रांजलनं हिशेब मांडला:
काका, बिल निम्मं निम्मं.
मला परीक्षेला पाहिजे,
तुम्हाला सोसायटीच्या डिझेल परताव्याला.
हिशेबाला मी नाही म्हणत नाही.

राउटर माझ्या बाजूला, मीटरखाली, टोपीच्या खुंटीवर.
फिरदोस मोबाइल धरून घरभर फिरली,
पडवीत चार रेघा, माजघरात तीन,
पलीकडे गेली आणि तिथूनच ओरडली,
जांभा काय सोडत नाय हो काका!
कशाला सोडेल? हातभर रुंद चिरा,
बापानं खाणीत उभं राहून एकेक निवडलेला.
वायरच टाकावी लागणार.

ड्रिल लावणार तोच तिचं बोट थांबलं.
इथं भोक आहे की.
आहे. काथ्या कोंबून वर चुना फासलेलं.
बापानं पाडलं होतं रेडिओच्या तारेसाठी;
तार तिथून परसातल्या माडावर चढायची
आणि तिन्हीसांजेला वाऱ्याचा इशारा
साऱ्या घराला मिळून एकदाच कळायचा.
काथ्या मी कोंबलेला. वाटणीच्या साली.

तिनं स्क्रू ड्रायव्हरनं उकरलं.
लाल भुगा सांडला, एक पाल पळाली,
पलीकडून बोटाएवढा उजेड आला
आणि बांगडा तळल्याचा वास.

मग ती जमिनीवर मांडी घालून बसली,
वायरचं साल दातांनी सोललं, पुटपुटत राहिली:
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा,
पांढरा-तपकिरी, तपकिरी.
एक जरी चुकला तर?
तर दिवा लागणार नाही, काका.
आमच्या जाळ्याचंही असंच, मी म्हणणार होतो,
पण तसं नसतं, जाळं बरंच सोसतं.

राउटरनं दोन्ही मशीनना पत्ते दिले.
ना वाडी, ना पार, ना कुणाच्या विहिरीच्या वर.
नुसते आकडे, शेवटपर्यंत सारखे,
शेवटी माझा दोन, त्याचा तीन.
मी थोरला. राउटरला कुणी सांगितलं कोण जाणे.

आता पिंग करते, म्हणाली.
म्हणजे?
म्हणजे इकडून हाक मारायची, तिकडून ओ येते का बघायचं.
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.
चारदा हाक. चारदा ओ.
वेळ: एका मिलिसेकंदाच्या आत.
मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

शेवटी पासवर्ड.
दोन्हीकडच्यांना लक्षात राहील असं सांगा.
मी बराच वेळ काही बोललो नाही,
मग बापाच्या होडीचं नाव सांगितलं, तारामती,
आणि तिचा जुना नंबर, चौदा सतरा.
फिरदोसनं ते भोकाला तोंड लावून
मोठ्यानं पलीकडे सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकली.
प्रांजल असेल असं धरून मी बसलो होतो.
पण आवाज खरखरीत, विडीनं झिजलेला,
कुणाचंच नाव न घेता आला:
टी मोठा का बारका?

फिरदोसनं माझ्याकडे बघितलं.
मोठा, मी म्हटलं. भिंतीला.

पलीकडे टक्.
मग टक् टक् टक्, एका बोटानं, सावकाश.

जाताना ती म्हणाली, भोक वायरीपेक्षा मोठं आहे,
एम-सील लावून घ्या, नायतर मुंग्या येतील.
मी म्हटलं, बघू.