हाडांचं पाणी

बोनकोड्याच्या नाक्यावरचा इक्बाल आता विचारत नाही.
मला पाहिलं की म्हणतो, "पोरांचं ना?"
आणि नळ्या बाजूला काढतो,
मानेचे दोन तुकडे,
खांद्याचं मऊ मांस, चरबी खरवडून.
शनिवारी सकाळी साडेसातच्या रांगेत
सगळ्यांना रविवारच्या रश्श्याची घाई.
मला फक्त पाणी हवं असतं,
हाडांनी आपलं म्हटलेलं.

कुकरमध्ये आल्याचा बोटभर तुकडा,
आठ मिरे, हळद, मीठ नंतर.
दालचिनी नाही, अद्वयच्या नाकाला ती जिन्यातच कळते.
पाणी रेघेच्या थोडं वर, बेकायदा.
पहिली शिट्टी होईतो उभं राहायचं,
मग गॅस बारीक करून विसरून जायचं.
पाळणाघरात विसरायला कामं कमी नसतात.

दुधी मी इतका बारीक किसते
की उकळल्यावर त्याचा त्यालाही पत्ता लागत नाही.
गाजर मात्र उघड, गोल, मोजता येईल असं.
जीनलचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा,
खिडकीपाशी वेगळी शेगडी. तिला मुगाचं पाणी,
पण गाजर तेच, नूडल्स त्याच.
तिच्या आईला शब्द दिलाय.
पातेलं घासता येतं, शब्द घासता येत नाही.

नूडल्स पाकिटातल्याच.
खोटं कशाला बोलू, शेवया करून पाहिल्या,
रुमैसाने त्या ताटाखाली लपवल्या.
मसाल्याच्या पुड्या तेवढ्या काढून घेते.
बिस्किटांच्या डब्यात जमल्यात एकशे बारा,
फेकवतही नाहीत,
कुणाला देववतही नाहीत.

निमिषला येऊन अकरा दिवस झाले.
अकरा दिवस तो
पाण्यात बुडवलेल्या बिस्किटावर राहिला,
आणि दरवाज्याकडे तोंड करून.
मी आग्रह केला नाही.
आग्रहाने पोर तोंड उघडतं, पोट नाही.

आज त्याच्या वाटीत एक नळी टाकली.
त्याने ती उचलली, आतून पाहिलं,
एका डोळ्याने, दुर्बिणीसारखं.
"बंद आहे," म्हणाला.
अकरा दिवसांत माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द.

"ठोक," मी म्हटलं.
"बशीवर. अजून. जोरात, तुझी नाही ती बशी, माझी आहे."
ठक.
ठक ठक.
आणि गर सुटून पडला, थरथरत,
तूपकट, करडा,
जणू कुणी इतका वेळ आत लपून बसलं होतं.
मग काय, पाच नळ्या, पाच बशा,
जीनल बिचारी गाजराने ठोकत होती.
वरच्या म्हात्रेकाकूंनी खिडकीतून ओरडून विचारलं,
"काय गो, सुतार बोलावलास?"

निमिषने नूडल्स खाल्ल्या, एकेक, ओढून,
हनुवटीवर रस्सा,
सदऱ्यावर रस्सा,
आणि वाटी पुढे केली. रिकामी.
मी ओट्याकडे वळले. थोडा वेळ वळूनच राहिले.

त्याची आई महापेहून आली तेव्हा
पावणेनऊ वाजले होते.
गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर लॅपटॉपची बॅग,
आणि ती ठरलेली वाक्यं: बस, उशीर, सॉरी काकू.
"काही खाल्लं का याने?" हे विचारताना
तिने उत्तर आधीच खाली पाहून गिळलेलं.

मी बोलले नाही. पातेल्यात तळाला होतं तेवढं
गरम केलं, पेल्यात ओतलं.
ती उभ्यानेच प्यायली.
चष्म्यावर वाफ आली, तिने पुसली नाही.

निमिष फ्रिजपाशी गेला,
वाटी घेऊन आला, झाकण घातलेली.
आत एक नळी, थंड, वर पांढरी साय धरलेली.
दुपारी त्याने ती कुणाला हात लावू दिली नव्हती.
मला वाटलं होतं, खेळायला ठेवली असेल.

मी ती गरम पाण्यात बुडवून दिली.
आईने ती हातात धरून माझ्याकडे पाहिलं,
हिचं करायचं काय, अशी.

"बंद आहे," निमिष म्हणाला.
आणि माझी बशी तिच्यासमोर ठेवली.
"ठोक."