एक मिनिट अठ्ठेचाळीस

क्लाईव्ह पार्जेटरच्या गॅरेजात
मोटार कधी उभी राहिलीच नाही.
फळ्या आहेत, फळ्यांवर पंचेचाळीसच्या तबकड्या,
आणि चार खुर्च्या. त्यातली एक दाताच्या दवाखान्यातून आलेली.
तिच्यावर मी बसतो,
सगळ्यांत नवा म्हणून,
म्हणजे ब्याण्णव सालापासून.

वुल्व्हरहॅम्प्टनमधला दुसरा गुरुवार असा जातो:
ऑर्विल बेकफोर्ड म्हणतो, मोनो तेच खरं.
स्टिरिओत ड्रम एका कानात, बाई दुसऱ्या कानात,
नवराबायकोनं अबोला धरावा तसं.
क्लाईव्ह म्हणतो, तुला कळत नाही.
मी बिस्किटं मोजून घेतो.
हॉस्पिटलात पस्तीस वर्षं एक्स-रे यंत्रं दुरुस्त केली,
वाद वाढू लागला की फ्यूज कुठला उडणार
आधीच समजतं.

पण एका गाण्याशी आम्ही तिघेही अडतो.
पासष्ट साल, बी-साइड, जोसलिन टर्क, वय सतरा.
चपलांच्या दुकानावरचा स्टुडिओ,
दाराला गादी टांगलेली,
घुमारा हवा म्हणून स्पीकर जिन्यात ठेवलेला.
एक मिनिट अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला
ती श्वास घेते आणि त्या श्वासावर
काहीतरी तडतडतं.

क्लाईव्हच्या मते तो व्हॉल्व्ह,
मुद्दाम ताणलेला, तुटायच्या बेताला आणलेला.
यावर त्यानं चार पानं छापली होती, स्वखर्चानं.
ऑर्विलच्या मते खंजिरी, माइकच्या फार जवळ.
मला विचाराल तर
गरम तेलात मोहरी पडली.
हे मी तिथे कधी बोललो नाही.

मग डडलीतल्या एका माळ्यावरून ते खोकं आलं.
वर पेन्सिलीनं: टेक एक ते नऊ. ठेवू नये.
झाकण काढताच व्हिनेगरचा भपका,
चिप्सच्या दुकानात शिरल्यासारखा.
टेप मरू लागली की असाच वास येतो.
क्लाईव्हनं सुती हातमोजे चढवले,
सुटलेले जोड एकेक चिकटवले,
तोंडानं एकही शब्द नाही.
लग्नातसुद्धा इतका गप्प नव्हता, ग्लेनिस म्हणाली
आणि चहा टाकायला गेली.

इंजिनिअर काटेकोर माणूस.
खोलीचं भाडं तासावर, म्हणून
प्रत्येक टेकआधी घड्याळ वाचून दाखवतो.
टेक दोन: तडतड दुसऱ्या कडव्याआधीच.
टेक चार: पोरगी शब्द विसरून हसतेय, त्या हसण्यावर.
टेक सात: गाणं संपलंय, कुणीतरी खुर्ची सरकवतंय,
रिकाम्या खोलीत
तडतड.

ऑर्विलनं बिस्किटाच्या पुड्यावर आकडे मांडले.
आठ चाळीस. आठ पन्नास. नऊ.
पेन खाली ठेवलं.
"ट्रॉलीबस," तो म्हणाला.
तारांच्या सांध्यावरून दांडा गेला की ठिणगी उडते,
ती गिटारच्या तारेत शिरते.
लहानपणी काकाबरोबर तो वरच्या मजल्यावर,
सगळ्यांत पुढे बसायचा,
ठिणगीची वाट बघत.

क्लाईव्ह काही बोलला नाही.
चार पानं. स्वखर्चानं.
हातमोज्याचं एक बोट तो ओढत राहिला,
ते निघेना.

टेक नऊ. इंजिनिअर म्हणतो, नऊ बारा.
हीच ती, तबकडीवरची.
आम्ही तिघं सेकंद मोजतो, ओठ न हलवता.
श्वास येतो. श्वासावर ती येते.
म्हणजे नऊ वाजून चौदा.
"जमत नाही," ऑर्विल म्हणाला. "दहाला यायला हवी होती."

दारात ग्लेनिस, हातात ट्रे.
ती कुलपांच्या कारखान्यात रात्रपाळीला होती तेव्हा.
हे गाणं तिला कधीच आवडलं नाही.
"नऊ दहाची ना?" ती म्हणाली.
"ती कायम उशिरा यायची.
साखर कुणाला?"

क्लाईव्हनं वर पाहिलं.
मोजा तसाच अर्धा बोटात.
पुडा ओढून घेतला, पेन उचललं.
"किती उशिरा?" त्यानं विचारलं.