सामान्यरूप

मेल्विन, हे हँडबिल आहे, किराण्याची यादी नव्हे.
नाटकाचं नाव असं उघड्यावर सोडू नकोस.

याच डिचोलीत, याच टेबलावर,
खिळे होते तेव्हा, माऊस नव्हता,
मी एक प्रूफ पास केलं होतं:
कालोत्सवानिमित्त माडासकट देणे आहे
दोन अंकी. रात्री ठीक दहा वाजता. देवळासमोर.
अवतरणचिन्हं राहिली. माझ्याकडून.
वास्कोचे एक गृहस्थ बायकोला घेऊन
भर दुपारी पिळगावात हजर.
माड किती, विचारत होते,
विहीर धरून किती पडतील.
नाटक लिहिणारे गुणाजी मास्तर
त्यांना ओसरीवर घेऊन गेले, चहा पाजला,
रात्री पहिल्या रांगेत बसवलं.
आमचं बिल मात्र अर्धंच भागवलं.

तर ऐक.
तियात्राच्या जाहिरातीत तू रोमी तिरपी करतोस, तिला शोभतं.
नागरी तिरपी केलीस तर शिरोरेघ जागची हलत नाही,
काने तेवढे कलतात,
खाडीवरच्या माडांसारखे.
बघायला बरे. वाचायचं तर मान वाकडी.
म्हणून एकेरी चिन्ह.
दुहेरी ठेव बोलणाऱ्या माणसासाठी.
पुस्तकाला एकेरी, मग आतल्या कवितेला काय,
यावर मास्तर तासभर भांडायचे.
मी दोघांनाही एकेरीच घालायचे, ते घरी गेल्यावर.
मुखपृष्ठावर काहीच नको.
स्वतःच्या दारात कुणी आपली ओळख करून देत नाही.

आणि प्रत्यय बाहेर.
चपलेसारखा, उंबऱ्याच्या अलीकडे.
'तुटका चिरा'मधली कविता.
तुटक्या चिऱ्यामधली नव्हे,
तिथे विंचू असतो.
प्रत्यय लागला की सगळे वाकतात, मेल्विन,
मासा असेल तर माशाला, डोळा असेल तर डोळ्यात,
मीसुद्धा मला होते, माझ्यात होते.
व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात.
कुणी जागून ठेवलेलं नाव तेवढं
त्यातून सुटतं. सुटू दे.

हसतोस काय. पुढचा कागद घे.

छोटी जाहिरात, तीन ओळी. बहरीनहून आलीय,
मास्तरांच्या मुलाकडून.
पिळगाव, जुने घर, विहीर,
'माडासकट देणे आहे'.

शिकलास. दोन्ही बाजूंना घातलीस,
वळणदेखील बरोबर, उघडणारं, मिटणारं.

काढ ती.

नाही, चूक तुझी नाही. मी सांगितलं तसंच केलंस.
पण हे नाव नाही. या खेपेला
वास्कोचे गृहस्थ आले
तर त्यांना आत बोलवायला कुणी नाही,
आणि किंमत विचारली तर
ती सांगितली जाईल.

काढलीस?
आता फोन नंबर वाच, मोठ्याने.
एकेक आकडा. मी कागदावर बघते.