रविवार, एक ते तीन

"यानं घर विकतं का?" ऑर्विल टॉफ्टेनं विचारलं,
हातात टोपी, पायात घरातल्याच सपाता.
मी म्हटलं, विकतं.
एकवीस वर्षांत माझ्या उघड्या दारांनी विकलेली घरं
एका हाताच्या बोटांवर मोजली
तर अंगठा उरतो,
हे म्हटलं नाही.

त्याला दोन तास बाहेर घालवलं.
मालक समोर असला की लोक कपाटं उघडत नाहीत,
आणि कपाट न उघडणारा घर घेत नाही,
असं आमच्या धंद्यात म्हणतात.
फ्रिजवरचे फोटो काढले. कुत्र्याची वाटी उचलली,
कुत्रा मागच्याच थंडीत गेलेला.
ओव्हनमध्ये दालचिनीची चार बिस्किटं,
खायला नाहीत, वासाला.
कोपऱ्यावर पाटी रोवायला गेले तर जमीन दगड.
मार्च संपत आला होता, डुलुथमध्ये त्याला वसंत म्हणतात.
शेवटी बर्फाच्या ढिगातच खोचली,
वर दोन फुगे बांधले,
ते वाऱ्यात एकमेकांना थोबाडत राहिले.

पहिल्या आल्या समोरच्या कुउसिस्तोबाई.
चाळीस वर्षांचा शेजार,
आणि वरच्या मजल्यावर आज पहिल्यांदा.
"न्हाणीघर एवढंच?" म्हणाल्या,
फार समाधानानं.
मग एक गृहस्थ, ज्यांना स्वतःच्या घराचा भाव काढायचा होता.
मग चर्चमधून सुटलेले तिघे, त्यांनी बिस्किटं खाल्ली.
मग एक जोडपं. तिला सातवा महिना,
बुटांवर निळी प्लास्टिकची मोजी चढवायला वाकता येईना,
तो गुडघ्यावर बसला, तिनं त्याच्या डोक्याचा आधार घेतला.
मी मनातल्या मनात त्यांचं कर्ज मंजूर करून टाकलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली.
दार तर उघडंच होतं.
ऑर्विल. अंगात ठेवणीतला कोट.
वहीत नाव लिहिलं: ओ. जॉन्सन.
'सध्याचा पत्ता' कोरा सोडला.
खाली बसून निळी मोजी घातली, नीट, दोन्ही पायांत,
आणि मला विचारलं,
"तळघरात पाणी येतं का?"
"मालक म्हणतात, नाही."
"मालक काय, म्हणणारच."

तळघरातल्या तुळईवर पेन्सिलीनं तारखा आहेत.
एकोणीसशे ब्याऐंशीपासून, वर्षाला एक,
सरोवर फुटून पहिलं जहाज बंदरात शिरलं तो दिवस.
रंग मारून टाका, मी सांगितलं होतं.
त्यानं रंग आणला.
डबा तुळईखालीच होता, न उघडलेला.

"हे काय असेल?" पोरीनं विचारलं.
ऑर्विल पाहुण्यासारखा मान वर करून बघत राहिला.
"कुणाचं तरी देणं असेल," म्हणाला.
"वर्षाला एक हप्ता."
तिनं बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं.
"यंदाचा राहिलाय."
"यायचाय अजून,"
तो म्हणाला, आणि जरा घाईनंच जिना चढला.
तिसरी पायरी कुरकुरते. ती त्यानं न बघता टाळली.

तीन वाजता पाटी उपटली.
वहीत नऊ नावं, त्यातलं एक खोटं.

बुधवारी घर गेलं.
टूसॉनच्या एका दंतवैद्य बाईनं घेतलं,
फोनवर, फोटो बघून.
तिनं इंटरनेटचा वेग तेवढा विचारला.
जोडप्याचा पुन्हा फोन नाही.

कागद घेऊन गेले तेव्हा ऑर्विल म्हणाला,
"म्हणजे रविवारनं नाही विकलं."
"नाही."
"आणि तो जॉन्सन?"
"त्याला झेपलं नसतं," मी म्हटलं.
"वाटलंच मला. प्रश्न फार विचारत होता."

मी सहीच्या जागांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावत होते,
तेवढ्यात खालून, बंदराकडून, भोंगा.
एक लांब, दोन आखूड.
पुलानं तसाच उलटा दिला.
ऑर्विल उठला. काही बोलला नाही.
जिना, तिसरी पायरी सोडून, खाली.
मी थांबले. चहा निवला.
वर आला तो कानावर पेन्सिल खोचून,
बसला, कागद पुढे ओढला,
आणि त्याच पेन्सिलीनं सही करायला लागला.

ऑर्विल, मी म्हटलं.
शाईनं.