नारिंगी तार

कोकरांच्या वजनाची वही अर्धी कोरीच राहिली होती.
इडवल गेला, मेंढ्या विकल्या,
आता तिच्यातच मी इंटरनेटचा वेग लिहिते.
सोमवार, सकाळी सात: दोन पूर्णांक एक.
संध्याकाळी सहा: शून्य पूर्णांक आठ.
इतक्या अशक्त कोकराला आम्ही
भट्टीच्या उबेला खोक्यात ठेवायचो.

नात पाटागोनियात आहे, नेस्टा,
तिथल्या मुलांना वेल्श शिकवते.
दर रविवारी तिचा चेहरा येतो
आणि ओठ अर्धे उघडे असतानाच थिजतो.
आवाज मागाहून, धापा टाकत:
‘आजी, सगळं ठीक आहे.’

मदतकेंद्रातला डिलविन गोड बोलतो.
राउटर बंद करा, तीस मोजा, सुरू करा.
मोजले. जन्म मेंढ्या मोजण्यात गेला,
तीस म्हणजे काय!
टीव्हीमागून काढला, खिडकीत ठेवला,
मायक्रोवेव्हपासून लांब नेला.
भिंती तीन फूट जाड, दगडी, त्यांना कुठे नेऊ?
रस्त्यावरच्या खांबावर संशय घेतला,
दरीतल्या नव्या हॉटेलवर तर फारच.
पाणी कुठे मुरतंय ते कळेना.

गुरुवारी डिलविन म्हणाला, स्क्रूड्रायव्हर आहे?
अरे, या घरात दुसरं आहे काय!
दारामागच्या पांढऱ्या डबीचं खालचं झाकण काढा,
आत आणखी एक सॉकेट दिसेल, राउटर थेट तिथे लावा.
लावला.
अकरा पूर्णांक तीन.
म्हणजे दरीपासून दारापर्यंत तार निर्दोष.
खोट घरात.

मग मी गुडघ्यांवर आले, टॉर्च दातांत,
तारेमागून सरकत गेले.
कुठे तिच्यावर रंगाचे तीन थर, कुठे उंदरांनी चाखलेली,
स्वयंपाकघराच्या खिडकीखालून
भिंतीतल्या भोकात,
जिथे पुट्टीवर इडवलचा अंगठा उमटलाय अजून,
आणि तिथून अंगणापार, मेंढवाड्यात.
तुळईवर घंटी. बशीएवढी, काळवंडलेली.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये बसवली त्याने.
मेंढ्या विताना तो तिथेच पेंढ्यात झोपायचा.
डॉक्टरचा उलटा फोन आला की
घरात मी, वाड्यात तो, एकदमच उठायचो.
तो धावत यायचा, तोवर मी उचललेला असायचा.
शेवटची कधी वाजली, ते वहीत नाही.

डिलविनने समजावलं:
बोलायला दोन तारा पुरतात.
तिसरी, नारिंगी, ती नुसती घंटीसाठी.
आता वाजवत काहीच नाही,
पण हवेतला सगळा गलका गोळा करत बसते.
‘काढून टाका, मिसेस प्रोबर्ट.’

काढली. टाकली नाही.
बोटाभोवती वेटोळं केलं
आणि त्याच डबीत मागे सारली.
नऊ पूर्णांक सहा, घरभर.

रविवारी नेस्टा आली. सबंध आली.
केस हलत होते, मागे पडदा हलत होता,
रस्त्यावरून कुणाचा तरी कुत्रा गेला.
आणि पाच महिने जे चित्र ‘ठीक’वर अडायचं
ते पुढे सरकलं:
‘ठीक आहे’ म्हणून झाल्यावर ती ओठ चावते.
डोळ्यांखाली काळं.
डाव्या हाताची बाही सारखी खाली ओढते.

काय झालंय, मी विचारलं.
‘तुझं अडकतंय का, आजी?’
नाही गं, आज काहीच अडकत नाहीये.

ती गप्प बसली. मीही.
ते गप्प बसणंसुद्धा
एकदाही न तुटता दिसत होतं.
मग बोलायला लागली.

वहीत त्या रविवारचा वेग नाही.