सतरावी फ्लॉपी

तार्तू, जानेवारी. बंद पडलेल्या डेअरीतून
लेइदानं पिशवीभर फ्लॉप्या आणल्या :
"घे. आता कोण हिशेब मागतंय?"

उर्मास एकेक आत सरकवतो.
घशात काटा अडकल्यागत ड्राइव्ह कुरकुरतो
आणि लिटर, फॅट, गाईंची नावं
पुसत पुसत लिनक्स उतरतं,
तुकड्यातुकड्यानं.
लेबलावरचं रशियन खोडून
तो पेन्सिलीनं लिहितो : बूट. रूट.

विणता विणता ती विचारते,
"पुनिकचं गेलं का रे?"
"कोण पुनिक?"
"एका शिंगाची. लाथ मारायची."

सतरावीवर गाडं अडलं. खराब सेक्टर.
तीनदा केलं. नाहीच.
तो फेकणार, तेवढ्यात तिनं हात पुढे केला,
फ्लॉपी एप्रनला पुसली
अन् खिशात टाकली.

"एक कमी पडतेय," उर्मास म्हणाला.
ती टाके मोजत होती.