नगाला बारा दिरहम

रास अल खैमात आमच्या गल्लीला नाव नव्हतं,
आता भिंत आहे.
मशिदीकडची पायवाट तिच्या पोटात गेली;
नूरुद्दीन परकार सात मिनिटं आधीच मशीन थांबवतो,
वळसा घालायला.

मे लागला की पलीकडून गाउन येतात, काळे,
खालून दुमडायला.
तिकडे हिरवळीवर फवारे.
इकडे टँकर, आलाच तर.

काल एक मुलगी आली,
गाउन, आणि हातात टॅब:
"शेजारी म्हणून विद्यापीठ कसं वाटतं?
एक ते पाच."

परकारने तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत.
खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप सोडली,
वाकला,
टाचण्यांमधूनच म्हणाला, "छप्पन."

रकाना एकाच आकड्याचा होता.
पाच मावला.
सहा आमच्याकडेच राहिला.